पण खेळलेत कोणाशी? कॉलेज फुटबॉलच्या वेळापत्रकाचा कस ओळखायला शिकूया

इंडियानापोलिसला आले तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं माझी एक चूक हटकून व्हायची. सप्टेंबरअखेर एखाद्या संघाच्या नावापुढे ४-० दिसलं, की मी शेजारच्या आजोबांना सांगायचे, "यंदा हे जोरात आहेत हं." आजोबा जन्मापासून इथलेच. ते गवत कापायचं यंत्र बंद करायचे आणि दर वेळी तोच प्रश्न विचारायचे, "पण खेळलेत कोणाशी?"

मला राग यायचा. चार जिंकलेत ना? मग झालं की. पुढे एकदा लक्षात आलं, सांगलीकडे आजोळी कुस्तीच्या मैदानावर मामा हेच विचारायचा. पैलवानाने किती कुस्त्या मारल्या याला तिथे कोणी भाव देत नसे. जोड कोणाशी होती, त्यावर कुस्तीची किंमत ठरे.

तुम्ही इथे नुकते शिकायला आला असाल, किंवा लेक कॉलेजात गेली आणि घरात अचानक लाल टोप्या-टीशर्ट दिसू लागले असतील, तर हा लेख तुमच्यासाठी. अमेरिकन फुटबॉलचे सगळे नियम माहीत नसले तरी चालेल. निकाल वाचता आला की पुरे.

आधी सांगाडा

कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाला एफबीएस म्हणतात. २०२५च्या हंगामात त्यात १३६ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाला सामने बारा. (हवाईला जाऊन खेळणाऱ्याला तेरावा घेता येतो, पण ती गंमत बाजूला ठेवू.) १३६ संघ आणि बारा सामने म्हटल्यावर कोण कोणाशी खेळणार? आयपीएलसारखा एकच गुणतक्ता लावून इथे काही ठरत नाही.

संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले असतात. एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व आणि एसीसी हे चार पैसेवाले, ताकदवान गट. त्यांच्या खालोखाल मॅक, सन बेल्ट, माउंटन वेस्ट, अमेरिकन, कॉन्फरन्स यूएसए. नोटर डेमसारखा एखादा संघ कुठल्याच गटात नाही. नावांवर फार जाऊ नका. बिग टेनमध्ये सध्या १८ संघ आहेत आणि बिग ट्वेल्वमध्ये १६. हे कसं झालं, ही वेगळी रामकहाणी आहे.

बारांपैकी आठ किंवा नऊ सामने कॉन्फरन्सच्या आतले. ते कोणाशी, कुठे, हे कॉन्फरन्स ठरवते. उरलेले तीन-चार मात्र कॉलेज स्वतः ठरवतं, करार करून आणि पुष्कळदा पैसे मोजून. लग्नात आहेराची यादी नातेवाईक ठरवतात, पण रुखवत काय मांडायचं ते घरचेच ठरवतात, तसं. म्हणून त्या तीन-चार सामन्यांत त्या घरची हौस आणि भीती दोन्ही दिसतात.

पहिली पायरी: सामने कागदावर उतरवा

ऑगस्टमध्ये तुमच्या संघाचं वेळापत्रक काढा आणि कॉन्फरन्सबाहेरचे सामने वेगळे लिहा. प्रत्येकापुढे तो कुठल्या प्रकारचा आहे ते टिपा.

पहिला प्रकार बरोबरीच्या संघाशी. यात बहुधा परतफेडीचा करार असतो: एका वर्षी आम्ही तुमच्याकडे, पुढच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे. दुसरा प्रकार जुन्या वैराचा: जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक, क्लेमसन आणि साउथ कॅरोलायना, आयोवा आणि आयोवा स्टेट. कॉन्फरन्स वेगळ्या, पण राज्य एकच. हा सामना कोणी टाळत नाही. टाळला तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

तिसरा प्रकार विकतच्या सामन्याचा, आणि इथे जरा थांबायला हवं. मोठं कॉलेज छोट्या गटातल्या संघाला रोख रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. परतीचा सामना नाही. मोठ्याला तिकीटविक्री आणि बहुधा विजय मिळतो, छोट्याला पैसे. ती रक्कम आता सहज दहा लाख डॉलरच्या वर जाते आणि छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागाचा बराच खर्च तिच्यावर चालतो. म्हणजे तो संघ मार खायला येतो, आणि त्या मारातून त्याच्या कॉलेजातल्या पोहणाऱ्या, धावणाऱ्या पोरांचा खर्च निघतो. मला यात वाईट काही दिसत नाही. फक्त या विजयाचा नगारा वाजवू नये.

चौथा प्रकार एफसीएस, म्हणजे एक पायरी खालच्या गटातल्या संघाशी. २०२४पर्यंत एफबीएसच्या संघाला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता यायची आणि एफसीएसच्या संघाला ६३ खेळाडूंइतकी. तिसऱ्या सत्रात पहिल्या फळीचे खेळाडू दमतात आणि बाकावरून येणारा गडी किती तयार आहे हे दिसतं, तेव्हा हा फरक कळतो. क्रीडापानांवर ज्यांना लिंबूटिंबू म्हणतात, ते बहुतेक या गटातले.

दुसरी पायरी: पाटीवर भुलू नका

प्रकार टिपून झाले की लगेच निकाल द्यावासा वाटतो. देऊ नका. पाटी एक आणि दुकानातला माल दुसरा, असं इथे दरसाल होतं.

१ सप्टेंबर २००७. मिशिगनचा संघ देशात पाचव्या क्रमांकावर होता. त्यांनी ॲन आर्बरच्या आपल्या मैदानावर, लाखावर प्रेक्षकांसमोर, ॲपलाचियन स्टेटला बोलावलं. तेव्हा तो संघ खालच्या गटातला, मानधन ४ लाख डॉलर. शेवटच्या क्षणी मिशिगनची किक अडवून पाहुण्यांनी सामना ३४-३२ असा मारला. आजही इथे कोणी बढाई मारू लागलं की या सामन्याचं नाव निघतं. त्यात एक बारकावा मात्र लोक विसरतात. ॲपलाचियन स्टेटने त्याआधीची सलग दोन वर्षं आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं होतं. कागदावर 'खालचा गट' एवढंच लिहिणाऱ्याला हे दिसलं नसतं.

तेच ॲपलाचियन स्टेट नंतर वरच्या गटात, सन बेल्टमध्ये आलं. १० सप्टेंबर २०२२ला त्यांनी सहाव्या क्रमांकाच्या टेक्सस ए अँड एमला त्यांच्याच मैदानावर १७-१४ हरवलं. त्याच दिवशी त्याच सन बेल्टमधल्या मार्शलने नोटर डेमला २६-२१ आणि जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काला ४५-४२ हरवलं. नेब्रास्काच्या प्रशिक्षकाची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली.

आणि २०२४मधलं तर मी विसरणारच नाही. ७ सप्टेंबर, गणपतीतला शनिवार. आमच्याकडे मोदकांची उकड चालली होती आणि बाहेरच्या खोलीत नोटर डेमचे दोन चाहते, आमच्याच ओळखीचे, निवांत बसले होते; समोर नॉर्दर्न इलिनॉय, म्हणजे मॅक गटातला विकतचा सामना. नोटर डेम हरलं, १६-१४. दोघं आरतीला उभे राहिले ते अगदी सुतकी चेहऱ्याने.

म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा: गेल्या दोन-तीन वर्षांचं जय-पराजयाचं गणित, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा मुख्य खेळाडू) तोच आहे की नवा, आणि प्रशिक्षक तोच आहे की बदलला. आता खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, त्यामुळे एका हिवाळ्यात संघाचा चेहरामोहरा पालटतो. गेल्या वर्षीचा आकडा एकटा बघाल तर फसाल.

उलटंही होतं. नाव मोठं आणि लक्षण खोटं. २०२३चा विजेता मिशिगन. टेक्ससने २०२४मध्ये त्यांच्या मैदानावर जाऊन त्यांना ३१-१२ हरवलं तेव्हा तो विजय डोंगराएवढा वाटला. पण मिशिगनचा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक दोघंही व्यावसायिक फुटबॉलमध्ये निघून गेले होते. वर्षाअखेर मिशिगन ८-५वर थांबलं आणि तो डोंगर टेकडीएवढा झाला.

तिसरी पायरी: मैदान कोणाचं?

घरच्या मैदानाचा फायदा साधारण अडीच-तीन गुणांचा धरतात. ऐकायला थोडा वाटतो, पण दोन तुल्यबळ संघांत तेवढ्याने पारडं फिरतं. परक्या मैदानावरचा सामना असेल तर तो जास्त अवघड, म्हणून कागदावर त्याला एक खूण जास्त द्या. अटलांटा किंवा डॅलसजवळच्या आर्लिंग्टनसारख्या ठिकाणी तिसऱ्याच मैदानावर असेल तर अर्धी.

मोठा संघ छोट्याच्या घरी गेला असेल तर दोन खुणा द्या, कारण हे धाडस फार कमी कॉलेजं करतात. वायोमिंगचं लॅरमीतलं मैदान समुद्रसपाटीपासून ७,२२० फुटांवर आहे. आपलं महाबळेश्वर त्यापुढे ठेंगणं. २०२३ला टेक्सस टेक तिथे गेलं आणि जादा वेळेत ३५-३३ हरून आलं. असा सामना घेऊन हरणं आणि घरी बसून कोणालातरी ५०-३ धुणं, यांत मला पहिल्याचं कौतुक जास्त वाटतं. तक्ता बघणाऱ्याला वाटेलच असं नाही.

चौथी पायरी: कधी ठरला, कधी खेळला

मोठ्या लढतींचे करार आठ-दहा वर्षं आधीही होतात. तेव्हा दोघांपैकी कोण वर असेल, कोण खाली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून 'ठरवताना हिंमत दाखवली का' आणि 'प्रत्यक्षात सामना अवघड निघाला का' हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्यावरून कॉलेज कळतं, दुसऱ्यावरून त्या वर्षीचा संघ. या दोहोंची गल्लत केली की वाद संपत नाहीत. मी ऑफिसात ऐकलेल्या भांडणांतली निम्मी याच जातीची होती.

तारीखही बघा. बहुतेक संघ बाहेरचे सामने सप्टेंबरमध्ये उरकतात. एसईसीतले काही संघ मात्र एक सोपा सामना नोव्हेंबरसाठी राखून ठेवतात, मोठ्या वैऱ्याशी गाठ पडण्याआधी. १६ नोव्हेंबर २०२४ला अलाबामाने मर्सरला ५२-७ हरवलं, तो असाच. इतर संघ तेव्हा कॉन्फरन्समध्ये रक्त आटवत असतात. यात नियमाबाहेर काहीच नाही. तरी मी त्या सामन्याला विश्रांतीचाच दिवस धरते.

पाचवी पायरी: आठ की नऊ?

ही पायरी छोटी आहे, पण नवखे इथेच घसरतात. बिग टेन आणि बिग ट्वेल्वचे संघ कॉन्फरन्समध्ये नऊ सामने खेळतात, बाहेर तीन. एसईसी २०२५पर्यंत आठच खेळत होती, बाहेर चार; २०२६पासून तीही नऊवर आली. त्यामुळे जुन्या हंगामांची तुलना करताना 'त्यांनी बाहेर दोन लिंबूटिंबू घेतले, आम्ही तीन' असं नुसतं मोजू नका. ज्याच्या पदरात आधीच नऊ अवघड सामने आहेत, त्याने बाहेर थोडं सैल सोडलं तर समजण्यासारखं आहे. आणि १८ संघांच्या बिग टेनमध्ये नऊ सामने म्हणजे निम्म्यांशीच गाठ; ती निम्मी कोणती, यातही नशिबाचा भाग आलाच.

सहावी पायरी: आकडेमोड, पण डोळे उघडे ठेवून

आता पेन्सिल घ्या. सर्वांत सोपं सूत्र जुन्या बीसीएस पद्धतीतलं (विजेतेपदाच्या सामन्यातले दोन संघ तेव्हा तीच ठरवायची). १९९८पासून काही वर्षं वेळापत्रकाची ताकद अशी काढत: प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला दोन तृतीयांश वजन, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला एक तृतीयांश. समजा तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ६० टक्के सामने जिंकले आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी ५१ टक्के. मग ४० अधिक १७, म्हणजे ५७. दुसरा भाग कशाला? तर दुबळ्यांना हरवून फुगलेला आकडा थोडा खाली यावा म्हणून.

पण सरासरीत एक खोट आहे आणि ती समजली की तुम्ही निम्म्या समालोचकांच्या पुढे गेलात. दोन सामन्यांचं उदाहरण घ्या. 'अ' वेळापत्रकात दोन मध्यम संघ. 'ब' वेळापत्रकात एक अत्यंत बलाढ्य आणि एक अगदीच दुबळा. सरासरी सारखीच. आता एखाद्या अव्वल संघाला मध्यम संघाविरुद्ध जिंकायची शक्यता ९० टक्के धरा, बलाढ्याविरुद्ध ५५ आणि दुबळ्याविरुद्ध ९९. 'अ'मध्ये दोन्ही जिंकायची शक्यता ८१ टक्के. 'ब'मध्ये ५४. म्हणजे अपराजित राहू पाहणाऱ्याला 'ब' फारच जड.

आता साध्या संघाकडे या. मध्यम संघाविरुद्ध त्याची शक्यता ४० टक्के, बलाढ्याविरुद्ध ५, दुबळ्याविरुद्ध ८५. 'अ'मध्ये त्याला सरासरी ०.८ विजय मिळतील, 'ब'मध्ये ०.९. सहा विजय मिळवून वर्षाअखेरचा बोल सामना गाठायचं ज्याचं ध्येय, त्याला 'ब'च सोपं! एकच वेळापत्रक एकाला डोंगर, दुसऱ्याला उतार. तेव्हा कोणी "अमक्याचं वेळापत्रक देशात विसावं" असं म्हटलं की विचारा, कोणासाठी?

हीच अडचण ओळखून आता वेगळ्या पद्धतीने मोजतात. पहिल्या पंचविसांतल्या एखाद्या सरासरी संघाला हेच सामने दिले असते, तर त्याला इतके विजय मिळण्याची शक्यता किती होती? ती जितकी कमी, तितकी तुमच्या संघाची कामगिरी मोठी. यात नुसत्या वेळापत्रकाला गुण मिळत नाहीत. त्याचं तुम्ही काय केलंत ते मोजलं जातं. विजेतेपदासाठी संघ निवडणाऱ्या समितीनेही २०२५च्या हंगामापासून याच धाटणीचा एक आकडा आपल्या साधनांत घेतला.

सातवी पायरी: समितीचा हात कसा चालतो ते पाहा

विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी २०१४ ते २०२३ चार संघ निवडले जात, २०२४पासून बारा. निवड माणसं करतात, त्यामुळे जुने निवाडे वाचून ठेवलेले बरे.

२०१४, समितीचं पहिलंच वर्ष. बेलर ११-१. बाहेरचे सामने: एसएमयू, नॉर्थवेस्टर्न स्टेट, बफेलो. तिन्ही धुलाईचे. बेलर पाचवं ठरलं आणि बाहेर राहिलं. आत गेलं ओहायो स्टेट, जे घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून हरलं होतं. पुढे विजेतेही तेच झाले.

२०२३ला टेक्ससने अलाबामाला अलाबामाच्याच घरी ३४-२४ हरवलं होतं आणि त्या एका विजयाने त्यांना चारांत बसवलं. त्याच वर्षी १३-० असलेलं फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिलं. त्यांनी बाहेरच्या सामन्यांत एलएसयू आणि फ्लोरिडा दोघांनाही हरवलं होतं, म्हणजे वेळापत्रकात खोट नव्हती. क्वार्टरबॅक जखमी झाला, त्याने घात केला. मला तो निवाडा आजही पटलेला नाही.

२०२५ तर या विषयाची पाठशाळाच. टेक्सस पहिल्याच आठवड्यात ओहायो स्टेटच्या घरी गेलं, १४-७ हरलं, शेवटी ९-३ होऊन बारांबाहेर राहिलं. टेक्ससच्या गोटातून सूर निघाला, तो सामना घेतलाच नसता तर? नोटर डेम पहिले दोन सामने हरलं: मायामीकडून २७-२४, टेक्सस ए अँड एमकडून ४१-४०. नंतरचे दहाही जिंकले. तरी शेवटची जागा मायामीला गेली, कारण दोघांची नोंद १०-२ आणि समोरासमोर मायामी जिंकलेलं. ३१ ऑगस्टच्या तीन गुणांनी डिसेंबरचा निकाल लागला. मायामी त्या जागेवरून थेट अंतिम सामन्यापर्यंत गेलं.

आमच्या गावची गोष्ट

अंतिम सामन्यात मायामीसमोर कोण होतं? इंडियाना, आमच्याच राज्याचं विद्यापीठ. हे लिहिताना अजूनही हात थबकतो.

२०२३ला इंडियाना ३-९ होतं. २०२४ला नवे प्रशिक्षक आले आणि संघ ११-१ झाला. बाहेरचे सामने: फ्लोरिडा इंटरनॅशनल, वेस्टर्न इलिनॉय (७७-३!), शार्लट. लुइव्हिलशी ठरलेले सामने आधीच मोडलेले. देशभर थट्टा झाली. मीही केली. ते ओहायो स्टेटकडे ३८-१५ हरले, मग पहिल्या फेरीत नोटर डेमकडे २७-१७. आजोबांचा प्रश्न खरा ठरला असं सगळे म्हणाले.

२०२५ला पुन्हा तसंच: ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. ऑगस्टमध्ये मी माझ्या कागदावर तिघांपुढे 'सोपा' लिहायला घेतलं. मग आदल्या वर्षीची थट्टा आठवली आणि तिन्ही ठिकाणी प्रश्नचिन्ह काढलं. सोपा सामना जिंकल्याने संघ कच्चा ठरत नाही. आपल्याला त्याच्याबद्दल काही कळत नाही, एवढंच. आजोबांचा प्रश्न मी इतकी वर्षं टोमणा म्हणून ऐकत होते. त्यांना प्रत्यक्षात म्हणायचं होतं, अजून पुरावा आलेला नाही, थांब.

आणि कागदावरचे सोपेही तसे राहिले नाहीत. ओल्ड डोमिनियनने दोन आठवड्यांत व्हर्जिनिया टेकला त्यांच्याच घरी ४५-२६ हरवलं. आदल्या वर्षी २-१० असलेलं केनेसॉ स्टेट आपल्या कॉन्फरन्सचं विजेतं झालं. कॉलेजने सामने घाबरत निवडले होते, हे खरंच. तरी निघाले त्यापेक्षा दमदार.

मग ६ डिसेंबरला इथे, इंडियानापोलिसातच, बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानाने ओहायो स्टेटला १३-१० हरवलं. त्यानंतर अलाबामा, ओरेगन, मायामी यांनाही. १६-० आणि विजेतेपद.

आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, गवत नातू कापतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन गेले. ते बराच वेळ लाडूच खात बसले. शेवटी म्हणाले, "पुढच्या सप्टेंबरमध्ये कोणाशी आहे?"